उघड्या सीपीयूतला पंखा

सीपीयू तापून बंद पडायला लागला तेव्हा लग्नसराई तोंडावर आली होती. काळेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून मी लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेचे निरोप असं सगळं करून देते. वधूच्या मामांच्या नावांपर्यंत आलं की स्क्रीन काळी. पुन्हा चालू करावा तर आतून नुसती घरघर. पंख्यांत धूळ बसली होती, दुसरं काही नाही, ते मला कळत होतं. तरी मी त्याला हात लावला नाही. दर दिवाळीला पंखे साफ करायचं काम आमच्या ह्यांचं, आणि यंदा ह्यांच्यासमोर पंखा हा शब्द काढायची माझी छाती नव्हती.

हे चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. तिथली एक शिस्त आहे. मशीनच्या आत हात घालायचा असेल तर आधी मेन बंद करायचा, त्याला कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. म्हणजे हात आत असेपर्यंत कुणी काही चालू करू शकत नाही. इतकी वर्षं ह्यांनी ते पाळलं. खंडेनवमीच्या दिवशी मात्र सगळी मशीनं धुऊनपुसून झाली, नव्या कापडावर पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर मांडले गेले, आणि ह्यांनी खिशातली किल्लीही काढून हळदीकुंकवाच्या ताटात ठेवली. किल्ली हेही हत्यारच की, पूजेला नको का? मग आठवलं, की मशीनचं तापलेलं तेल थंड करणारा मोठा पंखा पुसायचा राहिलाय. जाळी काढून हे तो पुसत होते. तेवढ्यात कुणाला तरी आरतीआधी दिव्यांच्या माळा लावायच्या होत्या. त्याने ताटातली किल्ली उचलली, कुलूप काढलं आणि मेन चालू केला.

उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले. कुणाला शिव्या द्यायच्या हेच मला कळेना. माळा लावणारा अजून ह्यांना तोंड दाखवत नाही.

जखमा भरल्या. सुपरवायझरचा फोन आला, "सोमवारपासून या भाऊ, फर्स्ट शिफ्टला. तुमचं मशीन तुमचीच वाट बघतंय." बिचारा प्रेमानंच बोलला, पण मशीन वाट बघतंय हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. हे "येतो की" म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. सोमवारी हे त्या मशीनपाशी उभे राहू शकतील का? घरात एवढा एकच प्रश्न होता आणि तो आम्ही दोघंही विचारत नव्हतो.

शेवटी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सीपीयू चटईवर आडवा घातला. मला पत्रिका संपवायच्या होत्या, हे खरं. पण मला बघायचंही होतं, घरातला तळहाताएवढा पंखा ह्यांना सोसतोय का.

बोर्डातली पिन काढली, स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला. हे कॉटवर बसून पेपर वाचत होते, म्हणजे धरून बसले होते. आत धुळीचा नुसता गालिचा. मागच्या जाळीत झेंडूची एक वाळलेली पाकळी अडकली होती. खंडेनवमीला सकाळी मी कम्प्युटरचीही पूजा केली होती, हार घातला होता, आणि उदबत्ती ओवाळत असतानाच कंपनीतून फोन आला होता. ती पाकळी मी पटकन मुठीत लपवली. ह्यांनी पाहिली असती तर काय झालं असतं कोण जाणे.

रंगकामाच्या ब्रशने झाडताना पंखा गरागरा फिरायला लागतो. तो फिरू नये म्हणून मी त्याच्या पात्यांत बोट घातलं.

"काय करायलीस! काढ हात! काढ म्हणतो ना!"

पेपर खाली पडला होता आणि हे उभे राहिले होते. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अहो, पिन काढलीय. ही बघा."

ह्यांनी जमिनीवरची पिन उचलली आणि डाव्या मुठीत आवळून माझ्याशेजारी बसले. "कर आता." मी धूळ झाडत राहिले. वायर माझ्या मांडीवरून गेली होती आणि सारखी हलत होती. आधी वाटलं, मीच हलवतेय. मग कळलं, थरथर ह्यांच्या मुठीतून येतेय. मी मान वर न करता झाडत राहिले.

धूळ निघाली, पण काम तिथे संपत नाही. सगळे पंखे फिरतात का, हे चालू करूनच बघावं लागतं. मी पिन मागितली तर मूठ उघडेना. एकेक बोट सोडवून ती घ्यावी लागली. पत्रा उघडाच ठेवून बटण दाबलं. मधला पंखा सुरू झाला, मागचा नुसता गुरगुरत जागेवर अडून बसला. अशा वेळी हे बोटाने हलकासा धक्का द्यायचे आणि तो फिरायचा. मीही तसाच हात पुढे केला.

ह्यांनी माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडी रुतली. तोंडाला घाम फुटला होता. मी दुसऱ्या हाताने बटण बंद केलं, पिन काढली, तरी हे सोडेनात.

"भ्या वाटायलंय गं मला," हे म्हणाले. "तिथं कसा जाऊ?"

मी काही धीराचं बोलायला हवं होतं. नेहमीसारखं टोचून बोलायला हवं होतं, की एवढा मोठा माणूस आणि काय हे. पण माझ्या तोंडून निघालं, "मलाही वाटतंय. फोन आल्यापासून वाटतंय. नका जाऊ."

"न जाऊन कसं चालंल?"

मी मनगट सोडवून घेतलं. मागच्या पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद सोलून मी आत शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. पुन्हा चालू केला तेव्हा तो फिरला, पण हे तोवर उठून गॅलरीत गेले होते. तिथून बोलण्याचा आवाज आला. सुपरवायझरला फोन लावला होता. "साहेब, उद्या येतो. पण त्या मशीनमधी हात नाही घालायचा मी. भीती वाटते, काय लपवायचं." पलीकडून काय उत्तर आलं, ते मी विचारलं आणि ह्यांनी सांगितलं, "बघू म्हणाले."

सोमवारी हे कंपनीच्या बसने गेले. मी पत्रिका घेऊन बसले. सीपीयू आता मुळीच तापत नव्हता, आवाजही करत नव्हता, आणि त्या शांततेत मी सारखी मोबाइलकडे बघत होते. एका वधूचं आडनाव दोनदा चुकवलं. ह्यांच्या जेवणाच्या सुट्टीआधीच मोबाइल वाजला. ह्यांचाच नंबर होता, पण मागच्या वेळीही ह्यांच्याच नंबरवरून दुसरं कुणीतरी बोललं होतं. मी तो चार वेळा वाजू दिला. उचलला, आणि ह्यांचा आवाज आला.

"स्टोअरला बसवलंय मला. नटबोल्ट द्यायला." आवाजात लाज होती. "पोरं बघून जायलेत. थोडे दिवस म्हणालेत साहेब, मग परत मशीनवर."

"बरं," मी म्हणाले. "डबा खा वेळेवर."

याच्यापुढे बोलले असते तर रडले असते. आणि ह्यांना कळलं असतं की ज्या नटबोल्ट द्यायच्या कामाची ह्यांना इतकी लाज वाटतेय, तेच आयुष्यभर राहावं म्हणून मी इथे देवाला हात जोडून बसलेय.