वारा नको असलेली खोली

“मासिमा, हातटा एबार छेडे दिन,” हॉस्पिटलातली सिस्टर हळूच बंगालीत म्हणाली. आता हात सोडा... यांचा हात माझ्या हातात होता आणि हे गेले होते. मला कळलं होतं, तरी मी सोडला नाही. खिडक्या सताड उघड्या, डोक्यावर पंखा गरगरत होता. हा माणूस बंद खोलीत गुदमरेल म्हणून मी वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून बसले, आणि गेला तो असा भरपूर हवेत, हृदयाच्या झटक्याने.

सरकारी कारखान्यात इंजिनिअर असलेल्या यांची कलकत्त्याला बदली झाली, तेव्हा बागबाजारच्या एका गल्लीत आम्हाला तळमजला मिळाला. बाकीचे साहेबलोक रविवारी पत्ते कुटत. यांनी जुन्या बाजारातून विजेवर चालणारा वेल्डिंगचा संच आणला आणि मागच्या खोलीत आर्गन वायूचा सिलिंडर उभा केला. पातळ स्टील जोडताना तापलेल्या जागेवर हा वायू सोडत राहायचा, म्हणजे हवा लागून सांधा काळा पडत नाही. पण जराशी झुळूक आली की वायू उडून जातो. म्हणून कलकत्त्याच्या घामट उकाड्यात हे पंखा बंद करून, खिडक्या लावून, पाटावर बसून काम करायचे. “विषारी नाही गं,” म्हणायचे. मग एकदा बोलण्याच्या ओघात सांगून बसले, की तो हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, आणि फार साचला तर माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. झालं! खाली साचतो, आणि हे बसणार पाटावर!

मी गुपचूप खिडकीला फट ठेवली. वारा लागतोय म्हणून यांनी वायू वाढवला, तर सांध्याला सुईने टोचल्यासारखी भोकं पडली. मग यांच्या लक्षात आलं, की वायू फार जोरात सोडला तर तोच घुसळतो आणि बाहेरची हवा आत ओढतो. सिलिंडरवर वायू मोजायची काचेची नळी असते, तिच्यातली गोळी जेमतेम उचलेल एवढाच सोडायचा. “बघा, कमीच लागतो!” मी विजयी मुद्रेने म्हणाले. पण खिडकी बंदच राहिली. शेवटी तह झाला. मी दाराबाहेर भाजी निवडत बसायचं, मधूनमधून दार वाजवायचं, आणि यांनी आतून पाय आपटायचा.

एका दुपारी हे गल्लीतल्या डॉक्टरांचं सुया उकळायचं भांडं जोडत होते आणि वीज गेली. त्या दिवसांत ती रोजच जायची. मी दार वाजवलं. पाय आपटल्याचा आवाज नाही. पुन्हा वाजवलं. आत फक्त वायूची बारीक सुरसुर. “अहो!” मी इतक्या जोरात ओरडले, की वरून घरमालक घोषबाबू धावत आले, “की होलो, बौदी?” काय झालं, वहिनी? दार ढकललं, तर अंधारात हे पाटावर वाकलेले, अगदी निश्चल. मी आत पाऊल टाकलं.

तेवढ्यात यांनी डाव्या हाताचं बोट वर केलं. थांब.

“वीज गेली, पण सांधा अजून लाल होता,” हे नंतर म्हणाले. “ज्योत विझली म्हणून हात लगेच काढायचा नाही. गार होईपर्यंत वायू तसाच धरायचा, नाहीतर केलेलं सगळं त्या क्षणात काळं पडतं.”

“आणि पाय आपटायला काय झालं होतं?”

“हात हलला असता गं.”

मी घोषबाबूंसमोरच रडले. संतापले होते, आणि हे जिवंत होते म्हणून आनंदही मावत नव्हता. दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता यांनी दाराची खालची फळी काढून टाकली, साचलेला वायू बाहेर जावा म्हणून.

आता सिलिंडर परत गेलाय. पाट आहे, खुंटीवर काळ्या काचेचा मुखवटा आहे. खिडक्या मी उघडून ठेवल्यात, हवं तेवढं वारं येतं. तरी जाता-येता सवयीने बोटं दारावर वाजतात... आतून काही नाही. मी हात दारावर तसाच ठेवते. लगेच काढत नाही.