पाच वाजताच्या तापाची वाट

लग्नसराईच्या तोंडावर मला रोज संध्याकाळी पाचला ताप यायला लागला. थंडी वाजायची, घसा दुखायचा, पोटावर फिकट गुलाबी पुरळ उठायचं. सकाळी ताप नाही, पुरळ नाही. मनगटं मात्र इतकी ठणकायची की कात्री धरता येईना. माझं शिलाईचं दुकान. हात गेले तर दुकान गेलं.

तालुक्याला एका डॉक्टरांनी टायफॉइडचं औषध दिलं. दुसऱ्यांनी विचारलं, "टेन्शन घेता का?" मी म्हटलं, "मी देते. गिऱ्हाइकांना."

चूक माझीही होती. आमच्याकडे दवाखान्यात जायचं तर अंघोळ करून, चांगली साडी नेसून. शिवाय जीपमध्ये चार माणसांत कण्हायला नको म्हणून मी तापाची गोळी घेऊनच निघायची. जाऊबाई म्हणायच्या, "दवाखान्यात चाललीस का साखरपुड्याला?"

दीड महिन्यानं मी नि नवरा शहरातल्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"पुरळ कुठंय?"

"आता नाही. ताप आला की येतं."

"गोळी घेतलीत?"

"घेतली की. तुमच्याकडं यायचं होतं ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता गोळी नाही. ताप येईपर्यंत बाहेर बसा."

बसलो. पाच वाजले, ताप नाही. नवरा दर पाच मिनिटांनी कपाळाला हात लावायचा. "आज काहून येईना हा ताप?" सव्वापाचला माझे दात वाजले तसा तो उठून ओरडला, "आला! म्याडम, आला!"

बाईंनी पुरळ पाहिलं, दोन शिकाऊ डॉक्टरांनाही बोलावून दाखवलं. मग दाखल करून तपासण्या केल्या. जंतुसंसर्ग नाही, कर्करोग नाही. रक्तातलं फेरिटिन नावाचं प्रथिन मात्र भलतंच वाढलेलं. आजाराचं नाव निघालं स्टिल्स डिसीज. मोठ्या माणसांत क्वचित होतो. शरीराची संरक्षणव्यवस्था कारण नसताना भडकते. स्टेरॉइड सुरू झालं. तिसऱ्या दिवशी पाचला मी शाल घेऊन तयार बसले. साडेसहाला शाल घडी करून ठेवली.

घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बरी झालीस, आता बंद कर की गोळ्या." मी केल्या नाहीत. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं हळूहळू कमी करायचं असतं. गोळ्यांनी तोंड सुजून गोल झालं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "लई मानवला गं तुला दवाखाना!"

महिन्याभरानं कात्री नीट धरता आली. राहिलेले ब्लाउज शिवायला घेतले. त्यातल्या एका नवरीचं लग्न केव्हाच उरकलं होतं. म्हणाली, "राहू द्या काकू, डोहाळजेवणाला घालीन." मी दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन बोटं कापड जास्त सोडलं.