स्टेशनची पितळी घंटा

स्टेशनच्या व्हरांड्यातला घंटा टांगायचा तो रिकामा आकडा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी तेव्हा रेल्वे पोलिसांत फौजदार होते. नाशिकच्या पुढं, द्राक्षबागांमधलं एक छोटं स्टेशन. पॅसेंजर तेवढी थांबायची, बाकी गाड्या धूळ उडवत जायच्या. तिथली इंग्रजांच्या काळातली घंटा चोरीला गेल्याची तक्रार स्टेशन मास्तरांनी दिली. मास्तर उत्तरेकडचे, नुकतेच बदलून आलेले. घंटा आता वाजवत नसत, पण रेल्वेची मालमत्ता ती मालमत्ताच.

खबर लगेच मिळाली. स्टेशनचा पोर्टर भरदुपारी पोत्यात काहीतरी जड घेऊन गावाकडं जाताना एका रिक्षावाल्यानं पाहिला होता. पोर्टर निवृत्तीला आलेला. गुन्हा दाखल झाला असता तर पेन्शन अडकली असती, बदनामी वेगळीच. मी त्याला समोर बसवलं.

"दादा, घंटा कुठं आहे?"

"मीच नेली मॅडम. लिहून घ्या."

"भंगारात घातली?"

"नाय."

"मग?"

चहा दिला, दरडावलं, पुन्हा चहा दिला. त्याचं पालुपद एकच, मीच नेली. आता बघा, चोर आधी नाही म्हणतो. पहिल्याच प्रश्नाला कबूल होणारा बहुधा कुणाला तरी पाठीशी घालत असतो.

म्हणून जागा बघायला मी स्वतः गेले. आकडा चाचपला, तर बोटाला कुंकू लागलं. नखानं खरवडलं, तर खाली हळदीकुंकवाचे थरावर थर, वर्षानुवर्षांचे. चहाच्या टपरीवरच्या बाईला विचारलं, "इथं पूजा कोण करतं गं?"

"गावातली म्हातारी आजी. तिचा नवरा वाजवायचा ना ही घंटा! दर खंडेनवमीच्या आधी ती घरी नेती, चिंचेनं घासती. आता तिला उचलत नाय, म्हणून पोर्टर पोचवतो. तुम्हाला म्हाईत नाय व्हय?"

मला नव्हतं, अन् नव्या मास्तरांनाही नव्हतं. जुन्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

आजींच्या दारात गेले, तशा त्या हात जोडून उभ्या राहिल्या. "बाई, त्या पोराला सोडा. पोलीस आल्याचं ऐकलं अन् मी भिऊन घंटा कांदाचाळीत कांद्याखाली लपवली." साठीला टेकलेला पोर्टर त्यांच्यासाठी पोरच होता, त्यांच्या यजमानांनीच त्याला काम शिकवलेलं. मग म्हणाल्या, "गावात घड्याळ नव्हतं तवा हिच्यावर जेवणं व्हायची, द्राक्षाच्या पेट्या टेसनावर निघायच्या. तिला काळी ठेवायची व्हय?"

कांदे बाजूला केले, तर घंटा लखलखत होती. गुन्हा अजून नोंदला नव्हता, मास्तरांचा अर्ज चौकशीवरच होता. मास्तरांनी सगळं ऐकलं, वरमले आणि जबाब दिला की घंटा मिळाली, तक्रार नाही.

त्या दिवसापासून चोरीच्या जागी गेले की मी आधी विचारायची, ही वस्तू सांभाळतं कोण? संशयित नंतर. या एका प्रश्नानं मला पुढं किती निरपराध माणसं ओळखता आली! त्या आजींचे अन् तोंड न उघडणाऱ्या त्या पोर्टरचे उपकार मी विसरलेली नाही.

घंटा टांगली तेव्हा आजींनी कुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, "बाई, जन्मभर घासली, पण वाजवली कधीच नाय."

मी मास्तरांकडं बघितलं. ते म्हणाले, "बजाइए अम्मा."

आजींनी टोला दिला. समोरच्या बागेतून एक जण धावत आला. "कुठली गाडी आली?"

आजी पदर सावरत म्हणाल्या, "माझी."