रुक्मिणीची बोंब

पिक्चर सुटल्यावर दिपालीने तोंड वाकडं केलं. "वाट लागली यार संध्याकाळची. शेवटी नुसती बोलतच बसली ती. मारायचं ना त्याला!"

पडद्यावरच्या बाईने, तिच्यावर जबरदस्ती केलेल्या माणसाला कित्येक वर्षांनी शोधून काढलं होतं आणि खुर्चीला बांधलं होतं. सुरा आणला होता. पण तिच्या हातून काहीच झालं नाही. पोरं शिट्ट्या मारून कंटाळली, अर्धं थेटर आधीच उठून गेलं. रुक्मिणीला मात्र एवढंच दिसत राहिलं की तो माणूस शेवटपर्यंत ऐकत होता. त्याला उठून जाता येत नव्हतं.

रुक्मिणी अंधेरीच्या बाजारात म्हावरं विकते. पन्नाशी उलटली, नवरा वारला, मूलबाळ नाही. खारदांड्याच्या भावाची, चंदूची मुलगी दिपाली नोकरीसाठी तिच्याकडे राहते. रुक्मिणीच्या जिभेला सगळा बाजार वचकून असतो. भाव पाडणाऱ्याला ती म्हणते, "बांगड्याच्या डोळ्यांत बघ की रे, माझ्या काय बघतोस?" आणि गिऱ्हाईक मुकाट्याने पिशवी पुढे करतं.

एकच गोष्ट त्या जिभेवर कधी आली नाही.

एकोणीस वर्षांची असताना गुणाजी नाखव्याने तिला बोंबील सुकवायच्या बांबूंच्या मागे गाठलं होतं. बाप त्याच्याच बोटीवर खलाशी होता. आईला कळलं तेव्हा तिने पोरीला आंघोळ घातली, केस विंचरले आणि म्हणाली, "बोलू नको. बोट जाईल." पावसाळ्याआधी लग्न उरकलं. पुढे बापाच्या जागी चंदू त्याच बोटीवर लागला. रुक्मिणी माहेरी जाई, गुणाजी दिसला की पदर सारखा करी, परत येई. ओल्या लाकडासारखं ते आत धुमसत राहिलं. पेटलंही नाही, विझलंही नाही.

पिक्चर पाहिल्यावर तिने ठरवलं, यंदा होळीला माहेरी जायचं.

खारदांड्याला होळी पेटली की नावं घेऊन बोंब मारायची रीत आहे. मुठीची मागची बाजू तोंडावर मारत कुणीही कुणाबद्दल काहीही ओरडावं. सून सासूबद्दल, खलाशी नाखव्याबद्दल. कुणी अडवत नाही, कुणी तोंड दाबत नाही. रुक्मिणीला मारायचं नव्हतं, पोलिसांत जायचं नव्हतं. साऱ्या गावाने, त्याच्यासमोर, तिच्या तोंडून एकदा ऐकावं एवढंच हवं होतं. असं बोलायला तिला ठाऊक असलेली दुसरी जागाच नव्हती.

तिन्हीसांजेला होळी पेटली. गुणाजी खुर्ची टाकून पुढेच बसला होता. केस पांढरे, गळ्यात हार. शेजारी त्याची बायको सोनूबाई.

"आयलीस गो बाय!" तो म्हणाला. "अंधेरीची झालीस, आमाला विसरलीस." त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

पोरांनी सुरुवात केली होती. "बाळाच्या जाळ्यात कचराच कचरा!" बोंब. "चंदूच्या इंजिनाला धक्का मारा रे!" बोंब. चंदूच सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

रुक्मिणी पुढे झाली. आच तोंडावर येत होती. बाजारात कमावलेला आवाज तिने पुरता मोकळा सोडला.

"गुणाजी नाखव्याने मला बोंबलांच्या मागं पाडलं! मी नको नको म्हणत होते! तोंड दाबलं माझं!"

क्षणभर फक्त लाकडं तडतडली. मग कुणीतरी मुठीने तोंड बडवलं आणि सगळा कोळीवाडा बोंबलत सुटला. पोरं नाचायला लागली. "अरे वा, म्हातारबा!" गुणाजी खोकला लागेपर्यंत हसला. सोनूबाई मांडीवर थाप मारून ओरडली, "घेऊन जा गो याला अंधेरीला! मी सुटते!"

"मी खरं बोलते," रुक्मिणी म्हणाली. बोंबेत ते तिलाच ऐकू आलं नाही. ती खुर्चीजवळ गेली, वाकून पुन्हा म्हणाली, "खरं बोलले मी, नाखवा."

"होळीपुढं बोललेलं कोण धरतं गो?" त्याने होळीत भाजलेल्या नारळाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "झालं ना आता बोलून?"

प्रसाद होता. हात आपसूक कपाळाला लागला, मग तोंडाशी गेला. खोबरं गोड होतं. तिला ते गिळावं लागलं.

परतीच्या रिक्षाची वाट बघताना, बरोबर आलेली दिपाली मोबाईलवर बोट फिरवत हसत होती. "आत्या, झकास! व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, सगळे लोळतायत. गुणाजीबाबाचा नातूपण हसतोय बघ."

"खरं आहे ते," रुक्मिणी म्हणाली.

"काय खरं?"

"मी ओरडले ते. तसंच झालं होतं."

दिपालीचं हसू ओठांवर थोडा वेळ तसंच राहिलं, मग गेलं. "बाबांना माहितीये?"

"त्याला कळलं असतं तर बोटीवरचं काम सुटलं असतं."

"मग होळीत कशाला बोललीस गं?" दिपाली रडायलाच लागली. "होळीत कोण खरं मानणार? मला सांगायचंस ना!"

"आता सांगितलं."

दिपालीने तिला घट्ट धरलं. रस्त्यावरचे लोक वळून पाहत होते. मग एकदम काही सुचल्यासारखं तिने डोळे पुसले आणि घाईघाईने मोबाईल उघडला.

"काय करतेस?"

"काढून टाकते. कुणी पुढे पाठवायच्या आत. लोक बघतील गं आत्या, तुझं नाव..."

"राहू दे," रुक्मिणी म्हणाली. "बघू दे."

"वेडी आहेस का? मघाशी मस्करी वाटली म्हणून टाकला मी."

रुक्मिणीने हात पुढे केला, पण दिपालीचं बोट तेवढ्यात काचेवरून फिरलं होतं, व्हिडिओ पुसला गेला होता. तिने सुटकेचा श्वास सोडला, आत्याचा हात हातात घेतला आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला हाक मारली.