थालीपीठ, आत बसून

रविवारी सकाळी सात वाजता मी बहिणीला उठवलं. "शीतल, गाडी काढ. आज सदाशिव पेठेत थालीपीठ खायचं. आत बसून!"

"ताई, तीन पायऱ्या आहेत."

"माहीत आहे."

मी व्हीलचेअर वापरते. त्या छोट्याशा हॉटेलातलं थालीपीठ मी सहा वर्षं गाडीत, मांडीवर कागद पसरून खाल्लंय. मागच्या आठवड्यात वैतागून महापालिकेकडे तक्रारीचा अर्ज लिहिला. पाठवण्याआधी एकदा समोरासमोर बोलावं म्हटलं.

वाघोलीहून निघायचं तर आठच्या आत निघा, रस्ता तेव्हा माणसात असतो. येरवड्यापर्यंत आम्ही बेसूर गात गेलो. पेठेत पहिल्याच फेरीत पार्किंग मिळालं! दोघी लॉटरी लागल्यासारख्या किंचाळलो.

हॉटेलच्या मालकीणबाई सुमनकाकू पायरीवर आल्या. "पार्सल ना?"

"नाही काकू, आज आत. रॅम्प का नाही, तेही विचारायचंय. नियम आहे."

"आहे ना. मिस्त्री बोलावला होता. पायऱ्यांची उंची दीड फूट. नियमाने उतार अठरा फूट लागतो. माझं हॉटेल चौदा फुटांचं. उतारावरच टेबलं मांडू का? आणि फुटपाथवर बांधला, तर अतिक्रमण म्हणून तोडणार. खर्च माझाच."

हसायचं नाही असं ठरवून आले होते. हसलेच. "मग मी कायम बाहेरच?"

काकू पायरी उतरून माझ्याजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "शेजारच्या दवाखान्याच्या पार्किंगमधून आमच्या स्वयंपाकघराला दार आहे. एकही पायरी नाही. पण गिऱ्हाइकाला तिथून आणायला लाज वाटते हो."

डॉक्टरांना फोन झाला. दारातले पिठाचे डबे हलले. चाकांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा उरली आणि मी आत! तव्यावरच्या लताताईंनी जाता जाता माझ्या हातात गरम तुकडा ठेवला. बाहेरच्या खोलीत पोचले, तेव्हा मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. ओरडले. लोकांनी वळून पाहिलं. पाहू दे! लोण्यासकट दोन थालीपिठं संपवली.

"पण काकू, दर वेळी कढईशेजारून नाही यायचं मला."

"कळलं. मधे पार्टिशन घालते, दाराला बेल लावते. तेवढं झेपेल. टॉयलेटचं मात्र नाही जमणार, खोटं बोलत नाही."

मी फोनवर अर्ज उघडला. 'कारवाई करावी' पुसून 'छोट्या दुकानांना रॅम्पसाठी फुटपाथवर जागा द्यावी' लिहिलं. "तुम्हीही सही कराल?"

"करते. आधी शुद्धलेखन तपासा."

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि रविवारीच जा, दवाखाना बंद असतो. टॉयलेटचं घरूनच आटोपून निघा.

परतताना वाटत राहिलं, नियम मला हवाच आहे. काकूंचं हॉटेलही हवंय. यातलं एक निवड म्हणालात, तर मला अजून जमत नाही.

घरी आईने जवळ येऊन नाक मुरडलं. "केसांना केवढा तळणीचा वास येतोय! नाहून घे आधी."

मी सोमवारपर्यंत केस धुतले नाहीत.