थेटे सरांचं मौन

गंगापूर रोडवरच्या एका डी.एड. कॉलेजात गोटीराम थेटे मराठी शिकवायचे. प्राचार्यांची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि तिच्यावर बसायचं तर पीएच.डी. हवी, म्हणून १९९८ साली सरांना एकदम संशोधनाची तहान लागली. विषय झकास होता: वाचताना माणसाच्या डोक्यात काय चालतं? रीतही सोपी. समोरच्याला उतारा द्यायचा, वाक्यावाक्याला थांबून मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं आणि टेप चालू ठेवायचा. संशोधकाने फक्त गप्प बसायचं.

तिथेच घोडं पेंड खात होतं. उभा जन्म फळ्यापुढे गेलेला. समोरच्याचं अर्धं वाक्य पुरं केल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. विद्यार्थी "मला वाटतं" म्हणाला रे म्हणाला, की त्याला काय वाटतं ते सर सांगून मोकळे. वर "कळलं ना?" हेही विचारणार, आणि पोरं बिचारी "हो सर" म्हणणार.

पुण्याच्या मार्गदर्शक बाईंनी पोरांना बसवून भरलेल्या कॅसेटी ऐकून परत केल्या. "सर, यात वाचणारे तुम्ही आणि समजणारेही तुम्हीच. तुमचा आवाज नसलेली एक तरी कॅसेट आणा, नाहीतर नाद सोडा," त्या म्हणाल्या.

सरांनी मग घरच्या माणसावर भिस्त ठेवली. बायको सुवर्णा मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची लेक, चांगली बी.ए. झालेली. रविवारी दुपारी तिला टेपसमोर बसवून त्यांनी स्वतःच्या तोंडात अख्खी सुपारी धरली. उतारा विहीर खणण्याबद्दल होता. सुवर्णाने पहिलं वाक्य वाचलं, थांबली आणि सरांकडे बघत राहिली. दुसऱ्या वाक्यालाही तेच. सर घामाघूम होऊन, बोल बोल म्हणून हातवारे करत होते.

"मनात काही येतच नाही हो," ती शेवटी म्हणाली. "कॉलेजात होते तेव्हा यायचं. आता वाक्य संपलं की मी नुसती थांबते. अर्थ तुम्ही सांगणारच असता."

पोटातलं इतकं खरं आजवर एकाही कॅसेटवर कुणी बोललं नव्हतं. बाईंना हवं होतं ते हेच. सुवर्णाला अजून थोडं बोलू दिलं असतं, तर थेटे सर डॉक्टर थेटे झाले असते.

सरांनी सुपारी काढून हातात घेतली.

"तसं नसतं गं," ते अगदी मायेने म्हणाले. "तुझ्या मनात येतं, फक्त तुला ते समजत नाही. थांब, काय येतं ते मी सांगतो."

सुवर्णाने टेप बंद केला.