टीव्हीने भाषा विचारली तेव्हा

टीव्ही भिंतीवर बसवून देणारा माणूस निघून गेला आणि मी रिमोट हातात घेतला, तेव्हा चहा उकळेपर्यंत हे काम उरकेल अशी माझी समजूत होती. मी यंत्रांना भिणारी बाई नाही. यंत्रं मला चिडवतात आणि मी चिडते, एवढंच. त्या दुपारी भोपाळच्या अवधपुरीतल्या आईबाबांच्या हॉलमध्ये मी चांगलीच चिडले.

हिवाळ्याच्या तोंडाशी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय हळूहळू सावरला, उजवा हात लुळाच राहिला आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळायचं. पेपर उलटा दिला तर सुलटा करून घ्यायचे. पण तोंडातून शब्द म्हणून काही निघत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘‘घर में कौन-सी भाषा बोलते हैं?’’ आणि आई आणि मी एका सुरात, जवळजवळ अभिमानानेच, म्हणालो, ‘‘मराठी. सिर्फ मराठी.’’ मग त्यांनी व्यायाम आम्हालाच समजावून दिले आणि घरी मराठीतून करून घ्यायला सांगितले.

यात खोटं काहीच नव्हतं. बाबा तरुणपणी पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात आले आणि इथलेच झाले, पण उंबरठ्याच्या आत मराठी हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. शाळेतून येऊन मी ‘‘सायकलवरून गिरले’’ असं म्हटलं, की गुडघ्यातून रक्त येत असलं तरी ते आधी विचारायचे, ‘‘काय झालं?’’ मी ‘‘पडले’’ म्हणेपर्यंत आयोडीनची बाटली उघडत नसे. ‘‘नहाऊन येते’’ म्हटलं तर त्यांना ऐकूच यायचं नाही. ‘‘आंघोळ करून येते’’ हे बरोबर ऐकू यायचं. माझ्या मैत्रिणी त्यांना घाबरायच्या. मीही घाबरायचे, आणि आज नेहरू नगरच्या माझ्या घरात मुलांनी ‘‘भाजी’’ला ‘‘सब्जी’’ म्हटलं की माझ्याही कपाळाला आठ्या पडतात.

तर आई रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायची. चमचा वर धरायची. ‘‘अहो, हे काय? च-म-चा. म्हणा ना.’’ बाबा ओठ हलवायचे, घशातून काहीतरी घासल्यासारखा आवाज यायचा आणि मग ते मान फिरवायचे. पुढेपुढे ती चमचा उचलायच्या आतच डोळे मिटून घेऊ लागले. आईचा हात तसाच हवेत राहायचा. मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीचे हे महिनेच काय ते महत्त्वाचे असतात, आणि माणसाने प्रयत्न सोडला तर आपण काही करू शकत नाही. बाबा प्रयत्न सोडत होते. आम्हा दोघींना ते दिसत होतं.

‘‘जिस चीज़ में इनका मन लगता था, उसमें बैठाइए,’’ शेवटी मॅडम म्हणाल्या. बाबांचं मन लागायचं ते क्रिकेटमध्ये. पण मॅच ते घरी पाहत नसत. आधी टाउनशिपच्या क्लबात, कारखान्यातल्या लोकांबरोबर, आणि निवृत्तीनंतर त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी घरी. आमचा जुना टीव्ही आईच्या मालिकांसाठी होता. म्हणून मी नवा स्मार्ट टीव्ही आणला आणि त्यावर मॅच दाखवणारं अ‍ॅप घालायला बसले.

अ‍ॅप सापडलं, उतरलं, उघडलं आणि म्हणालं, आधी टीव्हीच अपडेट करा. ते झालं. मग पडद्यावर एक कोड आला, तो मोबाइलवर टाकायचा होता. मी चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसरा आला, तेव्हा माझ्या मोबाइलवर आलेला मावशीचा फोन आईने घेतला. तिसऱ्या वेळी पासवर्ड मागितला. बाणाची बटणं दाबत एकेक अक्षर गाठायचं आणि शेवटून दुसरं चुकलं की पहिल्यापासून सुरू. बाबा सोफ्यावर बसून माझी फजिती पाहत होते. यंत्रांमध्ये आयुष्य काढलेला माणूस तो. एरवी एव्हाना त्यांनी रिमोट काढून घेतला असता आणि वर एक व्याख्यान दिलं असतं. त्या व्याख्यानासाठी माझा जीव तुटत होता.

तेवढ्यात माझा अंगठा चुकून माइकच्या बटणावर पडला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, ‘आता बोला’. खाली एक निळा ठिपका वाट पाहत लुकलुकत राहिला. बाबांनी ते वाचलं. मी घाईघाईने मागे जाण्याचं बटण दाबलं, ते नेमकं लागेना. मला त्या टीव्हीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

सगळं होऊन मॅच सुरू झाली तेव्हा अ‍ॅपने शेवटचा प्रश्न विचारला. समालोचन कोणत्या भाषेत हवं? यादीत हिंदी होती, इंग्रजी होती, दक्षिणेकडच्या भाषा होत्या आणि चक्क मराठी होती. माझा राग कुठल्या कुठे पळाला. भोपाळमध्ये, बाबांच्या हॉलमध्ये, मराठीतून क्रिकेट! मी आईला हाक मारून ते दाखवलं आणि मोठ्या ऐटीत मराठीवर बटण दाबलं.

बाबा पुढे सरकून बसले. थोडा वेळ पडदा पाहिला. मग अस्वस्थ झाले. आधी मला वाटलं आवाज मोठा आहे. कमी केला. त्यांनी डावा हात जोरजोराने हलवला. वाढवला. तरी तेच. मी चित्राचा रंग बदलून पाहिला, पंखा कमी केला, पाठीला उशी दिली. ते उशी काढून रिमोटकडे बोट दाखवत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत असा संताप होता की मीही चिडून म्हणाले, ‘‘अहो बाबा, आता आणखी काय करू मी?’’ मग काहीच सुचेना म्हणून पुन्हा त्या भाषांच्या यादीत गेले. बाण हिंदीवर आला आणि बाबांनी तळहात उभा धरला. थांब.

हिंदी समालोचन हॉलभर पसरलं. बाबा मागे टेकले. मला खरं सांगायचं तर वाईट वाटलं. आई आत स्वयंपाकघरात निघून गेली.

मग काही षटकांनंतर आमचा चांगला जमलेला फलंदाज उगाच पुढे सरसावला, चेंडू हवेत उंच गेला, आणि माझ्या शेजारून आवाज आला, ‘‘अरे खां! क्या कर रिया है!’’

जड, जिभेवर अडखळलेला, पण सगळाच्या सगळा. अस्सल भोपाळी, चौकातल्या पानठेल्यावरचा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पडद्याकडे पाहत होते. झेल सुटला होता. ‘‘बच गया,’’ ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. ‘‘कोण आलंय गं?’’

‘‘कुणी नाही,’’ मी म्हणाले. ‘‘बाबा बोलले.’’

तिने आवाज ओळखला नव्हता. ओळखणार कसा? हा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता आणि मीही नाही. मला नेहमी वाटायचं, बाबा कारखान्यात जातात आणि घरी जगतात. पण दिवसाचा मोठा हिस्सा ते तिकडे होते. तिथे त्यांनी आरडाओरडा केला असेल, थट्टा केली असेल, कुणाच्या पाठीवर थाप मारली असेल, ‘खां’ म्हणून हाक मारली असेल. ते सगळं ते रोज संध्याकाळी दाराबाहेर चपलांशेजारी ठेवून आत येत. आत आमच्यासाठी एक शुद्ध, थोडा कडक माणूस उरायचा. मला आनंद होत होता आणि त्या क्लबातल्या लोकांचा हेवाही वाटत होता.

मी मॅडमना फोन लावला. असं होतं कधीकधी, त्या म्हणाल्या. दोन भाषांच्या माणसाची एक भाषा आधी परतते, दुसरी मागाहून येते, किंवा येतही नाही. जी आली आहे तिचं बोट धरा. ‘‘अब घर में इनसे हिंदी में ही बात कीजिए.’’

मी ते आईला सांगितलं. ती दिवाणाच्या कडेला बसली. ‘‘आणि माझ्याशी?’’ तिने विचारलं. ‘‘माझ्याशी पण हिंदीत?’’ दूधवाल्याशी, शेजारणींशी ती वर्षानुवर्षं हिंदी बोलत आली आहे. पण नवऱ्याला हिंदीत काय म्हणायचं हे तिला माहीत नव्हतं. त्याची कधी गरजच पडली नव्हती. ‘अहो’ला हिंदी काय आहे, सांग ना, असं ती मला विचारत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

डाव संपून मध्यंतर झालं. जाहिराती लागल्या. बाबांनी मान वळवली आणि आम्हा दोघींकडे पाहिलं, जणू आम्ही आत्ताच आलो होतो. मग आईकडे पाहत सोफ्यावरच्या रिकाम्या जागेवर डावा हात आपटला.

‘‘बैठो,’’ ते म्हणाले. ‘‘तुम... तुम भी बैठो.’’

लग्नापासून आजवर आईने त्यांच्याबरोबर एकही मॅच पाहिली नव्हती.

‘‘अहो, दूध आहे गॅसवर,’’ ती सवयीने बोलून गेली आणि घाईने आत गेली. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ती त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा लुळा उजवा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि एखाद्या परक्या माणसाशी बोलावं तशी लाजत म्हणाली, ‘‘कौन जीत रहा है?’’

अडखळत, मधले शब्द गाळत, बाबा तिला सांगू लागले.